नाशिकजवळच्या मखमलाबादला परसातल्या विहिरीचा गाळ काढून घेतला, त्याचा अनुभव

आमच्या परसात सासऱ्यांनी खोदलेली विहीर आहे, 38 फूट खोल, 10 फूट रुंद. गेली तीन वर्षं एप्रिल उजाडला की मोटर पंधरा मिनिटांत हवा ओढायची. एका बोअरवाल्याच्या सल्ल्याने आधी 300 फूट बोअर घेतली. नुसता धुरळा निघाला. पैसे गेले ते गेलेच. म्हणून या मे महिन्यात यारीवाल्यांना, म्हणजे यारीने विहिरीतला गाळ वर ओढून काढणाऱ्या टोळीला, बोलावलं. पाच माणसं, दोन दिवस, 24 हजार रुपये.

पैसे वसूल झाले ते मुकादमांच्या नजरेमुळे. पाणी उपसल्यावर लगेच गाळाला हात न लावता ते बॅटरी घेऊन कठड्यावर वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. सगळा गाळ आळत चालला होता, पण पश्चिमेच्या कडेला तो ओलाच होता आणि मधूनच बुडबुडा फुटत होता. "ताई, तुमची विहीर बुडातून नाही, कुशीतून भरते," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सात फूट गाळ निघाला आणि 33 फुटांवर, मुरूम संपून काळा कातळ सुरू होतो त्या सांध्यातून, करंगळीएवढी धार लागली. पहारीने सांधा मोकळा केल्यावर ती मनगटाएवढी झाली.

मग त्यांनी बोअरचं केसिंग, म्हणजे वरच्या भागात बसवलेला पाइप, किती ते विचारलं. बिल शोधून काढलं, 40 फूट. म्हणजे ज्या सांध्यातून पाणी येतं तोच पाइपाआड गेला होता आणि खाली एकही भेग न लागलेला कातळ. आपल्याकडचा दगड लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. अखंड कातळात पाणी मुरायला जागा नसते, ते मुरमात, भेगांत, दोन थरांमधल्या सांध्यात असतं. खोल गेलं की पाणी लागतंच, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

माणूस उतरवण्याआधी ब्लोअरने आत हवा सोडली, प्रत्येकाच्या कमरेला दोर बांधला. एवढं न करणाऱ्या टोळीला कोणीही विहिरीत उतरू देऊ नका, पैसे कमी घेत असले तरी.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. गाळाचा ढीग कठड्यालगतच टाकला. पहिल्याच पावसात तो परत आत गेला असता. तो आम्ही मजूर लावून हलवला. आणि पाणी निर्जंतुक करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अंदाजाने मुठी भरून टाकायला निघाले, तेव्हा मी थांबवलं. हिशोब सोपा आहे: मीटरमध्ये व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले 785, म्हणजे लिटर. तीन दिवसांनी 4 मीटर पाणी चढलं, व्यास 3 मीटर, म्हणजे साधारण 28 हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून 70 ग्रॅम पावडर बादलीत कालवली, खडे खाली बसू दिले आणि वरची निवळी रात्री विहिरीत सोडली.

आमचा शोषखड्डा (सांडपाणी जमिनीत मुरवायचा खड्डा) विहिरीपासून 25 फुटांवर आहे. निदान 15 मीटर तरी हवा. तो हलवायचं काम दिवाळीनंतर काढणार आहोत आणि मग पाणी प्रयोगशाळेत तपासून घेणार. तोवर हे पाणी धुण्याला आणि झाडांना, पिण्याला नळाचंच.