अक्कलदाढ काढायची की ठेवायची? नायर डेंटलचा माझा अनुभव

मुंबई सेंट्रलच्या नायर डेंटल या दातांच्या हॉस्पिटलबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. अक्कलदाढ दुखायला लागली की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात, एक म्हणजे लवंग धर दाढेखाली होईल कमी आणि दुसरा म्हणजे काढून टाक एकदाची, कटकट नको, आणि या दोन्हीच्या मधलं जे काही असतं ते कुणी धड सांगतच नाही. तिथे मला ते नीट बसवून समजावलं म्हणून हा रिव्ह्यू.

माझी खालची उजवीकडची दाढ. अर्धीच वर आलेली, उरलेल्या अर्ध्या भागावर हिरडीचा पदर, त्याखाली भाताचं शीत नाहीतर पोह्यातला कांदा जाऊन बसायचा आणि मग तो भाग सुजायचा. ज्यांना झालंय त्यांना माहितीये की हे दुखणं नुसतं दाढेत थांबत नाही, कानात सणक जाते, गिळताना घशाची ती बाजू दुखते, तोंड दोन बोटं जातील एवढं पण उघडत नाही आणि तोंडात सारखी घाण चव. गोळ्या घेऊन उतरायचं, काही आठवडे बरे जायचे, परत तेच.

घरगुती उपायांचं आधी सांगते कारण रात्री दोनला ठणका लागतो तेव्हा कुठलं हॉस्पिटल आणि कुठलं काय. सगळ्यात उपयोगी पडतात त्या मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, साध्या वाटतात पण त्या पदराखालचं अडकलेलं निघून जातं आणि खरं दुखणं तिथूनच सुरू झालेलं असतं. लवंगेच्या तेलाने थोडा वेळ बधिर होतं हे खरंय, पण कापसावर अगदी थेंबभर घ्यायचं, बोटाने थेट हिरडीवर चोळलं तर हिरडी भाजते. आणि काही घरात ती पेनकिलरची गोळी कुस्करून दाढेवर ठेवायची पद्धत आहे ना, ती प्लीज बंद करा, गोळी पोटात गेल्यावर काम करते, हिरडीवर ठेवली तर नुसती जखम होते. बाहेरून गरम शेक पण नको सूज असताना. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन या गोळ्यांनी आराम पडतो पण अॅसिडिटी, दमा, किडनीचा त्रास असेल किंवा प्रेग्नंट असाल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नका. केमिस्टकडून आपल्या मनाने अँटिबायोटिक तर कुणीच घेऊ नका, दोन दिवसांत बरं वाटलं की आपण सोडून देतो आणि मूळ कारण तिथेच असतं.

घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये दाखवलं होतं. तोंडात मिनिटभर टॉर्च मारला आणि चारही अक्कलदाढा काढून टाकू, पॅकेजमध्ये स्वस्त पडेल, हवं तर हप्ते करून देऊ. एक्सरे पण नाही! ज्या तीन दुखतच नाहीत त्या का काढायच्या विचारलं तर आज ना उद्या दुखणारच आहेत म्हणे. मला ते पटलं नाही, आणि आमच्या ऑफिसमधल्या एका ताईंनी नायरचं सुचवलं, त्यांच्या सासऱ्यांची कवळी तिथे झालीये.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, हे महापालिकेचं डेंटल कॉलेज आहे, १९३३ पासूनचं, नायर हॉस्पिटलच्या बाजूलाच. मुंबई सेंट्रलला फास्ट लोकल थांबते त्यामुळे लांबून येणाऱ्यांना पण सोपं. केसपेपर काढायचा, आधी तपासणी, मग ओपीजी म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्सरे, आणि तो घेऊन ओरल सर्जरी विभागात. कॉलेजचं हॉस्पिटल आहे, पूर्ण सकाळ धरूनच जायचं, ऑफिसला मधेच जाऊन येते असं होत नाही. पैसे मात्र खासगीच्या मानाने अगदीच कमी.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय ते. तिथल्या डॉक्टर मॅडमनी ओपीजी समोर धरला आणि पेनाने दाखवत गेल्या. हे बघा, ही दाढ सरळ वर यायच्या ऐवजी पुढे कललीये आणि हिचं डोकं शेजारच्या दाढेला टेकलंय, तिथे ब्रश पोचत नाही, आणि ही काळसर छटा दिसतेय ना, शेजारची चांगली दाढ किडायला सुरुवात झालीये. मग जबड्याच्या हाडातून जाणाऱ्या दोन बारीक पांढऱ्या रेघा दाखवल्या, त्यांच्या मधून नस जाते, खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी. दाढेची मुळं तिला चिकटून असतील तर काढताना ओठ बधिर राहायचा धोका असतो, बहुतेक वेळा तो बधिरपणा हळूहळू जातो पण क्वचित कायमचा पण राहू शकतो, तुमच्यात मुळं आणि नस यात अंतर आहे पण धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. हे सही घ्यायच्या आधी, स्वच्छ मराठीत, मी न विचारता सांगितलं. मला याचं फार अप्रूप वाटलं.

बाकीच्या तिघींचं काय? वरच्या दोन्ही सरळ आल्यात, राहू द्या. डावीकडची खालची पूर्ण हाडात आहे, काही त्रास नाही, एक्सरेत पण काही वावगं नाही, तिला हात लावायची गरज नाही, अधूनमधून एक्सरे काढून लक्ष ठेवा. नंतर मी वाचलं की ब्रिटनमध्ये नाईस नावाच्या सरकारी संस्थेने २००० सालीच सांगितलंय की त्रास नसलेल्या, रोग नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा उगाच काढू नयेत. मग तो चार दाढांचा पॅकेजवाला हिशोब कसा काय बसतो सांगा. दुसरी बाजू पण मॅडमनी सांगितली, की वय वाढलं की हाड टणक होतं, मुळं पूर्ण तयार झालेली असतात आणि काढणं जड जातं, त्यामुळे जी काढायचीच आहे ती वर्षानुवर्षं पुढे ढकलू नये. एकदाच दुखली आणि सरळ वर येतेय तर थांबा, परत परत सुजतेय किंवा शेजारचीला खराब करतेय तर काढा, असं साधं होतं सगळं.

त्या दिवशी काढली नाही. सूज होती, आधी इन्फेक्शन उतरू दे म्हणाल्या, पदराखाली सलाइनची पिचकारी मारून साफ केलं (दुखलं, पण त्याच संध्याकाळी तोंड जरा जास्त उघडलं), औषधं दिली, रक्ताच्या तपासण्या सांगितल्या.

ऑपरेशनला एमडीएस (दातांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण) करणारे डॉक्टर होते आणि त्यांचे सर बाजूला उभे. शिकाऊ डॉक्टर म्हणून लोक घाबरतात, पण हे बीडीएस म्हणजे दातांचे डॉक्टर होऊन पुढे हीच सर्जरी शिकणारे लोक आहेत आणि दिवसभर हेच करतात. इंजेक्शनचं टोचणं सोडलं तर दुखलं नाही, ओठ जड पडला, मग नुसता दाब जाणवत होता आणि ड्रिलचा आवाज थेट डोक्यात. आडवी असल्यामुळे थोडं हाड कोरून दाढेचे दोन तुकडे करून काढली. मधेच मी हात वर केला तर लगेच थांबले, दुखतंय का दाब वाटतोय विचारलं, अजून थोडं इंजेक्शन दिलं आणि मगच पुढे. टाके घातले, कापूस दाबून धरायला दिला, पाऊण तास चावून ठेवा, थुंकायचं नाही, गिळा.

नंतरचं जे सांगतात ते खरंच पाळा. पहिल्या दिवशी चूळ नाही, स्ट्रॉ नाही, बाहेरून बर्फ. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, आरशात बघून घाबरू नका. ताक, मऊ भात, गार केलेली पेज यावर निघतं. सिगरेट, तंबाखू, मिश्री बंद म्हणजे बंद, कारण तिथली रक्ताची गाठ निघाली की हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमी होण्याऐवजी भयंकर दुखायला लागतं, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात, तसं झालं तर घरी सहन न करता परत जायचं. टाके आठवड्याने काढले. शेजारच्या दाढेत नंतर सिमेंट भरलं आणि ती वाचली, मला तरी सगळ्यात जास्त समाधान त्याचंच.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, जुने एक्सरे आणि चालू गोळ्यांची नावं बरोबर ठेवा, बीपी शुगर असेल, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, स्वतःहून बंद करू नका. ऑपरेशनच्या दिवशी सोबत कुणीतरी असू दे. आणि सूज गळ्याखाली उतरली, ताप आला, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड व्हायला लागलं तर ओपीडीची वाट बघू नका, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत तसेच जा, अर्ध्या रात्री असलं तरी.