वडिलांचे स्मृतिपुस्तक करून देणाऱ्या सेवेविषयी

माझे वडील 26 वर्षे सैन्यात होते आणि त्यानंतरची 42 वर्षे पूर्णपणे घरचे. गेल्या वर्षी, वयाच्या 88व्या वर्षी ते गेले. आठवणी ध्वनिमुद्रित करून त्यांचे पुस्तक करून देणारी ही सेवा आम्ही ते हयात असतानाच घेतली होती. ज्यांच्या घरी असे वडीलधारे माणूस आज बोलण्याच्या स्थितीत आहे, त्यांनी थांबू नये, असे मी कळकळीने सांगेन.

सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे मुलाखत घेणाऱ्या बाई. युद्धाचे आम्ही कधी विचारले की वडील विषय बदलत. बाईंनी मात्र पहिलाच प्रश्न केला, ‘‘भरती झाल्यावर तुमच्या हातात कोणकोणते सामान दिले?’’ वडील सुया, दोरा आणि बटणे असलेल्या एका कापडी गुंडाळीविषयी बोलू लागले आणि तिथून कोणीही न ढकलता आघाडीवरच्या रात्रींपर्यंत आले. घरातले प्रत्येक सुटलेले बटण तेच का लावत, हे आम्हाला त्या दिवशी कळले. बैठका 45 मिनिटांहून लांबवल्या नाहीत, ते थकले की यंत्र बंद केले जाई.

पत्रांवरचे काम तर फारच उत्तम झाले आहे. लष्करी टपालावर गावाचे नाव नसते, फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक असतो. त्यामुळे वडील नेमके कुठून लिहीत होते, हे आईलाही ठाऊक नव्हते. संपादकांनी शिक्क्यांवरच्या तारखा वडिलांच्या सेवा-नोंदींशी एकेक करून जुळवल्या. त्यांची तुकडी पुढे सरकत होती त्याच आठवड्यात लिहिलेले एक पत्र त्यातून ओळखता आले. त्यात त्या हालचालीचा एक शब्दही नाही. छप्पर दुरुस्त झाले का आणि मी कितीच्या पाढ्यापर्यंत पोहोचलो, एवढीच चौकशी आहे. हे पान वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

छायाचित्रे जपून हाताळली गेली. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून न काढता पानासकट 600 डीपीआयवर स्कॅन केले.

चुकाही झाल्या. एका 35 मिमी निगेटिव्हची बाजू उलटी ठेवली गेल्याने पहिल्या कच्च्या प्रतीत वडिलांची पदके उजव्या छातीवर दिसत होती. स्वतः मिळवलेली पदके डाव्या बाजूला लावतात. अनेक देशांत उजवी बाजू असते ती दिवंगत आप्तांची पदके मिरवणाऱ्या वारसांसाठी. म्हणजे या एका चुकीने त्यांचीच पदके दुसऱ्या कोणाची तरी ठरत होती. दुसऱ्या एका कृष्णधवल फोटोला संगणकाने रंग भरले होते, त्यात पदकांच्या फितींचे रंग मनाचेच होते. फितीच्या रंगांवरूनच पदक ओळखले जाते, त्यामुळे आम्ही तो फोटो मूळ रूपातच छापायला लावला. दोन्ही दुरुस्त्या विनातक्रार झाल्या, तरी सैनिकांच्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्यांच्या नजरेतून हे सुटायला नको होते.

माझा खरा आक्षेप वेगळा होता. पहिल्या मसुद्यातील 120 पानांपैकी 74 पाने नोकरीची होती आणि निवृत्तीनंतरच्या आयुष्याला 11 पाने मिळाली होती. आईच्या आजारपणात त्यांनी दोन वर्षे घर सांभाळले, ते एका वाक्यात उरकले होते. आम्ही हे स्पष्ट सांगितल्यावर संपादकांनी आई, माझी मुलगी आणि वडिलांचे एक जुने सहकारी यांच्याशी नव्याने बोलून तो भाग पुन्हा लिहिला. आजोबांनी आपल्याला बटण लावायला कसे शिकवले, ते मुलीच्याच शब्दांत आता पुस्तकात आहे. यात चार महिन्यांचे काम सात महिन्यांवर गेले आणि तोवर वडील राहिले नाहीत. घाई असेल त्यांनी मुदत आधीच लेखी ठरवून घ्यावी.

अक्षर आईला बारीक वाटले, म्हणून तिच्यासाठी मोठ्या टाइपातली वेगळी प्रत वेगळे पैसे न घेता करून दिली. ती रोज दुपारी तीच वाचते. तिने पेन्सिलीने दोन तारखा दुरुस्त केल्या आहेत आणि पुढच्या छपाईत त्या घेण्याचे संपादकांनी मान्य केले आहे.