रोलर स्टँड (एचओ स्केल): चांगला आहे, पण बेअरिंग बघून घ्या

बरेच महिने वापरतोय म्हणून लिहितो. मॉडेल रेल्वेची इंजिनं तपासायचा, एचओ मापाचा म्हणजे 16.5 मिमी गेजचा (दोन रुळांतलं अंतर) स्टँड आहे, रुळाचा छोटा तुकडा, त्यावर सरकणारी बेअरिंगची सॅडल (एका एक्सलला एक, चाकं टेकवायची बैठक), इंजिनाची चाकं बेअरिंगवर टेकवायची आणि करंट दिला की इंजिन जागच्या जागी पळतं. दिसायला शोभेची वस्तू वाटते पण खरा उपयोग म्हणजे लाइट फडफडतायत किंवा इंजिन झटके खातंय तर दोष रुळात आहे की इंजिनात हे पटकन कळतं. लेआउटवर (घरी मांडलेल्या रुळांवर) अडखळणारं इंजिन इथे मख्खन चाललं तर उगाच बॉडी उघडू नका, आधी रूळ पुसा, जॉइनर (रूळ जोडणाऱ्या पट्ट्या) आणि टर्नआउटचे (सांध्याचे) फ्रॉग, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात ती जागा, बघा.

इथेही अडखळलं तर मजा सुरू. पुढची बोगी (चाकांचा गट) हाताने उचलून धरायची, फक्त मागची टेकलेली ठेवायची, इंजिन बंद पडलं म्हणजे मागच्या बोगीतून निदान एका बाजूचा करंट येत नाहीये, मग उलट करून बघायचं. बहुतेक वेळा चाकाच्या मागच्या बाजूला काळी चिकट घाण साचलेली असते नाहीतर पितळी वायपर (चाकावरून करंट घेणारी पट्टी) चाकाला टेकतच नसतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या बड्सने पुसलं आणि वायपर जरासा वाकवला की काम झालं. रबराचं टायर असलेलं चाक करंट घेत नाही हे मात्र लक्षात ठेवा. टेंडरवाल्या (मागे कोळसा-पाण्याचा डबा असलेल्या) काही जुन्या वाफेच्या इंजिनांत इंजिन एका रुळावरून आणि टेंडर दुसऱ्या रुळावरून करंट घेतं, तिथे उचलायची युक्ती चालत नाही.

लाइटच्या बाबतीत तर हा स्टँड सोन्यासारखा, कारण बॉडी काढून चालत्या इंजिनात मीटर लावता येतो. डीसीसीवाल्या (डिजिटल कंट्रोलच्या, आत डीकोडर नावाचं सर्किट असलेल्या) इंजिनात एकच दिवा गेला असेल तर निळ्या आणि पांढऱ्या वायरमध्ये व्होल्टेज बघा (मागच्या दिव्याला पिवळी), व्होल्टेज येतंय तर डीकोडर ठीक, एलइडी किंवा रेझिस्टर किंवा सोल्डर गेलंय. एलइडी उलटा जोडला असेल तरी पेटत नाही. आणि एक गंमत, थ्रॉटल हळूहळू वाढवताना दर स्टेपला दिवा चालू-बंद होत असेल तर वायरिंगला हात लावू नका, डीकोडर वेगाच्या 14 स्टेपवर आणि कंट्रोलर 28 वर आहे, सीव्ही 29 (डीकोडरमधलं एक सेटिंग) वाचा आणि त्यात 2 मिळवा. लोक यासाठी अख्खं इंजिन खोलतात!

आता तक्रारी. नवीन बेअरिंगमध्ये कंपनीचं ग्रीस भरलेलं येतं, ते करंट नीट जाऊ देत नाही, मग इंजिन ठणठणीत असूनही स्टँडवरच फडफडतं आणि माणूस भलत्याच मागे लागतो. ज्या वस्तूने दोष शोधायचा तिनेच दोष दाखवायचा म्हणजे कमाल आहे. ग्रीस धुऊन करंट वाहणारं पातळ तेल अगदी थेंबभर घाला, त्याशिवाय स्टँडवर विश्वास ठेवू नका. दुसरं म्हणजे इथे डबे ओढायचा लोड नसतो, त्यामुळे मोटर थकलेली असेल तर कळणार नाही. एक्सलच्या गिअरला तडा असेल तर मात्र टकटक आवाज छान ऐकू येतो, लेआउटच्या गोंगाटात तो दबतो.

चार सॅडलचा सेट सहा एक्सलच्या इंजिनाला पुरत नाही, मधली चाकं अधांतरी राहतात आणि त्यांचा पिकअप (रुळातून करंट घेणं) तपासलाच जात नाही, म्हणून मोठी इंजिनं असतील तर जास्तीची दोन सॅडल सुरुवातीलाच घ्या. मी पाचपैकी चार देईन, एक त्या ग्रीसमुळे कापला.