क्रुसेडर किंग्ज ३ : दरबारात मानकरी लै, मान कुणालाच नाही

मध्ययुगातला राजा होऊन घराणं चालवायचा हा कॉम्प्युटर गेम भारीच आहे हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढची चिडचिड वाचून कुणीतरी अनइन्स्टॉल करून बसायचं. २०२० ला आला तेव्हापासून खेळायलोय. मी उमरग्याचा, त्यामुळं १०६६ ची स्टार्ट घेतली की हात आपोआप चालुक्यांवरच जातो, त्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्यापासून गाडीवर तासाभराचा रस्ता.

तक्रार फक्त दरबारातल्या पदांची. फेब्रुवारी २०२२ ला रॉयल कोर्ट हे डीएलसी (गेमला वेगळे पैसे देऊन जोडायचा जादा भाग) आलं तेव्हा ही पदं आली, विदूषक, अंगरक्षक, जल्लाद, पोरांचा मास्तर, जेवण आधी चाखून बघणारा; वैद्य तेवढा आधीपासून होता. वाटलं आता दरबार भरणार. प्रत्यक्षात काय तर लिस्ट उघडायची, ज्याचा आकडा मोठा त्याच्यावर क्लिक करायचं, दर महिन्याला पगार कापला जायलाय, विसरून जायचं. पुढं काही पदांना कामं नेमून द्यायची सोय आली आणि २०२४ ला साथीचे रोग आले तेव्हापासून वैद्याशिवाय पान हलत नाही, ते खरंच मस्त जमलंय. पण हा सगळा फायदा राजाचा. त्या बिचाऱ्या माणसाला काय? पगार, आणि राजाबद्दलचं मत थोडं बरं होतं. बास.

माझा चाखणारा तीस वर्षं पदावर होता. एवढ्या काळात विषाचा एकही डाव लागला नाही, राजा म्हातारा होऊन निवांत गेला. चाखणारा मेला तेव्हा कोपऱ्यात एक नोटीस आली, मी दुसरा नेमला आणि पुढं गेलो, नाव सुद्धा बघितलं नव्हतं त्याचं.

आता खऱ्या कल्याणीचं बघा. सहावा विक्रमादित्य १०७६ ला सख्ख्या भावाला हटवून गादीवर बसला. त्याच्या दरबारात बिल्हण नावाचा कवी थेट काश्मीरहून आला, राजानं त्याला विद्यापती केलं, आणि त्यानं राजाचं असं चरित्र रचलं की भावाची गादी घेणं म्हणजे देवाचीच इच्छा होती म्हणे! नऊशे वर्षं झाली तरी आपण राजाचीच बाजू वाचायलोत. गेममधल्या दरबारी कवीला हेच काम द्या की राव, राजानं भाऊ मारला तर कवीनं हळूहळू तो डाग धुवायचा, आणि धुतला तर त्याचं पण नाव वाढू द्या, दुसरा राजा त्याला जास्त पैसे देऊन पळवायला बघू दे. मग पदाला खरी किंमत येईल.

आणि वतन! आपल्याकडं पद म्हणजे नुसती नोकरी कधी होती? देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील, चिटणीस, फडणीस, पोतनीस, अर्धा वर्ग हजेरीला उभा केला तर निम्मा दरबार भरतो. बापानंतर पोरगा हक्क सांगायचा, भाऊबंद भांडायचे. गेममधे वैद्याचा पोरगा वैद्यकीत कच्चा असून पदावर हक्क सांगायला आला तर नाही म्हणायला पण जीवावर येईल, हो म्हणलं तर राजाच्या जीवावर. एवढं टाकलं तर मी पुढचं डीएलसी सेलची वाट न बघता घेईन.

बाकी जुना लॅपटॉप असेल तर शेवटची शंभर-दीडशे वर्षं रखडत जातात, आमच्याकडं एप्रिलात तर पंख्याचा आवाज शेजारपर्यंत जायलाय. १० पैकी ८. रॉयल कोर्ट फक्त सेलमधे घ्या, पदं तर बऱ्यापैकी फुकटच्या अपडेटमधेच आलीत.

सध्याच्या गेममधे मी आपलाच जुगाड केलाय, चाखणारा गेल्यावर त्याच्या पोराला एक परगणा देऊन टाकला. बिनघराण्याचा माणूस म्हणून बाकीचे सरदार तोंड वाकडं करायलेत, पण जमीन मिळाली की गेम स्वतःच त्याचं घराणं काढतं आणि नाव पण लावतं. ह्यावेळी मी ते वाचलं.