डीएमसीए एजंट नोंदणी: 6 डॉलरमध्ये काय मिळतं, काय नाही

जुन्या गेम्सच्या आमच्या ग्रुपचा सर्व्हर अमेरिकेत आहे आणि माझ्या नावावर आहे. म्हणजे सदस्यांनी टाकलेल्या मजकुरावरून उद्या कुणी कोर्टात गेलं तर पहिलं नाव माझंच. अशा दाव्यांपासून संरक्षण हवं तर डीएमसीए या अमेरिकी कॉपीराइट कायद्याखाली एजंट, म्हणजे तक्रारी स्वीकारणारा माणूस, नेमावा लागतो; म्हणून तिथल्या कॉपीराइट ऑफिसात त्याची नोंदणी केली. फी 6 डॉलर, मुदत तीन वर्षं. 2016 पर्यंत कागदी अर्जाला 105 डॉलर पडायचे, त्या मानानं हे फुकटच.

फॉर्म सुटसुटीत आहे. ग्रुपचं टोपणनाव, डोमेन, सगळं त्याच फीमध्ये बसतं. एजंट म्हणून माणसाचं नाव नको असेल तर नुसतं पद लिहिता येतं, त्याला पोस्ट बॉक्सही चालतो. सेवा चालवणाऱ्याला मात्र राहता किंवा कामाचा खरा पत्ता द्यावा लागतो, आणि ती यादी कुणीही उघडून बघू शकतं. फावल्या वेळात ग्रुप सांभाळणाऱ्याचं ऑफिस कुठलं असणार? घरच! सुरक्षिततेला धोका असल्याचं लेखी कळवून सूट मागता येते, पण ती अपवाद म्हणून. एक स्टार इथंच कापला.

आणि नुसत्या नोंदणीनं भागत नाही. एजंटचा संपर्क आपल्या साइटवरही हवा, नोटीस आली की मजकूर लगेच उतरवायचा, वारंवार तेच करणाऱ्याला हाकलायचं. प्रत्येक मेसेज चाळत बसायची सक्ती नाही, पण उघड दिसलेलं सोडून दिलं तर संरक्षण गेलं.

आमच्या मॉडरेटरांची जुंपते ती यावरच. ‘हा गेम विकतच मिळत नाही, लोक पायरसी करणारच’ हे मत झालं, राहू दे. खाली कुणी ‘ही घे’ म्हणून रॉमची, म्हणजे गेमच्या कॉपी केलेल्या फाइलची, लिंक टाकली, उडवा. ‘अमुक साइटवर शोध, सापडेल’ याचं काय करायचं? एकानं वैतागून ‘पायरसी’ या शब्दावरच फिल्टर लावला, तर इम्युलेटर (जुन्या गेम-यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) कायदेशीर आहे का असं विचारणारा बिचारा त्यात अडकला. फिल्टर काढायला लावला मी. मला जास्त भीती अ‍ॅडमिन मंडळींच्याच जिभेची वाटते. 2005 च्या ग्रॉक्स्टर या फाइल शेअरिंग कंपनीविरुद्धच्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पायरसीची चिथावणी देणाऱ्यालाच जबाबदार धरलं होतं, म्हणून ‘फुकटात खेळा’ हा आमचा पिन केलेला विनोद आधी उतरवला.

मध्येच माहिती बदलली तर पुन्हा 6 डॉलर, पण तीन वर्षंही तिथून नव्यानं मोजतात. नूतनीकरणाची तारीख दोघांच्या तरी कॅलेंडरात टाका. अ‍ॅडमिन कंटाळून निघून जातात.

पाचपैकी चार.