शेखिना की पवित्र आत्मा? देवाचं स्त्रीरूप शोधणाऱ्याने कुठून सुरुवात करावी

ज्यू आणि ख्रिस्ती विचारात देवाला स्त्रीरूप आहे का, यावर प्रबंध लिहायचा असो की अभ्यासमंडळात बोलायचं असो, एक बाजू धरावी लागते. दोन्ही धरल्या की एकही धड होत नाही. मी बराच घोळ घालून ज्यूंच्या शेखिनेची, म्हणजे माणसांत वसणाऱ्या देवाच्या सान्निध्याची, बाजू धरली. तुमचा कल वेगळा असू शकतो, म्हणून दोन्हीकडचं सांगतो. देवाला लिंग नसतं हे दोन्हीकडचे पंडित सांगतातच, ते गृहीत धरू.

मराठी वाचकाला ख्रिस्ती बाजू चटकन जवळची वाटते. विठ्ठलाला विठाई म्हणणाऱ्यांना यशयाच्या ६६व्या अध्यायातला आईसारखं सांत्वन करणारा देव परका वाटत नाही, आणि पिलांना पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा स्वतःला देणारा येशूही नाही. मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी तर ख्रिस्ताला आई आणि गुरू एकाच हाकेत म्हटलं. इंग्लंडमधली साधिका, नॉरिचची ज्युलियन, हिला १३७३ मध्ये दर्शनं झाली आणि त्यांवर लिहिताना तिने येशूला बिनदिक्कत आई केलं. आणखी मागे जायचं तर सिरियाक, म्हणजे अरामी भाषेच्या एका रूपात लिहिणारे, ख्रिस्ती आहेत. त्यांच्यातला चौथ्या शतकातला लेखक अफ्राहात म्हणतो की लग्न न केलेल्या माणसाचा बाप देव आणि आई पवित्र आत्मा (पिता आणि पुत्र यांच्यासोबत ख्रिस्ती त्रैक्यातला तिसरा). त्याच्याही आधीची, शलमोनाच्या नावावर चालणारी सिरियाक स्तोत्रं आहेत. त्यांतल्या एकोणिसाव्यात पुत्र हा पेला आहे, दूध पित्याच्या स्तनांतलं आहे आणि ते काढणारी आहे पवित्र आत्मा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान मागे उलटून खात्री करून घेतली होती.

एवढी श्रीमंती असून मला कंटाळा आणला तो एका गोष्टीने. आईपण इथे दिलं जातं आणि लगोलग परत घेतलं जातं. इ. स. ४०० नंतर सिरियाक लेखकसुद्धा पवित्र आत्म्याला हळूहळू पुल्लिंगात बसवू लागले. कॅथलिक चर्चच्या १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथातला २३९वा परिच्छेद काढून बघा. सुरुवात देवाला पिता का म्हणायचं इथून. मध्ये, आईची प्रतिमाही चालते, अशी मोकळीक. मग देव पुरुषही नाही, स्त्रीही नाही. आणि शेवट? देवासारखा पिता दुसरा कोणी नाही. लग्नात एखादीला मानाच्या खुर्चीवर बसवावं आणि खरे पाहुणे आले की उठवावं, तसं वाचताना होतं. देव पिता आहे, त्याहून अधिक आई आहे, असं पोप पहिले जॉन पॉल १० सप्टेंबर १९७८ रोजी बोलून गेले खरे. पण त्यांची कारकीर्दच तेहतीस दिवसांची.

मग आई आहे कुठे, असं नेटाने विचारलं की बोट येशूच्या आईकडे, मरियेकडे जातं. वांद्र्याच्या मोत माउलीला सप्टेंबरात लोटणाऱ्या गर्दीच्या भक्तीबद्दल मला शंका नाही. मात्र ४३१च्या एफिसस परिषदेने जिला देवाची माता म्हणून मान्यता दिली ती स्वतः देव नव्हे, हे चर्चच आग्रहाने सांगतं. म्हणजे आई आहे, पण देवाच्या बाहेर.

शेखिना आत आहे. तालमुदात, म्हणजे ज्यू पंडितांच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथात, ती अजून बाई झालेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तिथे शेखिना म्हणजे देवाचं माणसांत असणं, एवढंच. पण तिथेही ती इस्राएलबरोबर मिसरला जाते, बाबेलला जाते. लोक हद्दपार, तर तीही हद्दपार. पुढे बाराव्या शतकातला बाहीर आणि तेराव्याच्या अखेरीस स्पेनमधल्या कॅस्टीलमध्ये पुढे आलेला झोहर या कब्बालाच्या, म्हणजे ज्यू गूढवादाच्या, ग्रंथांत ती मुलगी, राणी, नवरी होते, देवाच्या दहा सेफिरांपैकी, म्हणजे प्रकट रूपांपैकी, शेवटची. पतीपासून, म्हणजे देवाच्या पुरुषरूपापासून, तुटलेली. तिला त्याच्याशी जोडणं हे माणसाचं काम. म्हणून एखादी आज्ञा पाळण्याआधी ‘पवित्र परमेश्वर आणि त्याची शेखिना यांच्या मिलनासाठी’ असं म्हणायची पद्धत कब्बालावाल्यांनी रूढ केली. इथे उपमा संपून गोष्ट सुरू होते, आणि त्या गोष्टीत आपल्याला काम असतं.

मुंबईत बेने इस्राएल या मराठी ज्यूंच्या एका शुक्रवारच्या प्रार्थनेला बसलो होतो. ‘लेखा दोदी’ हे शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाच्या, स्वागताचं गाणं, सोळाव्या शतकात गालिलातल्या साफेदच्या श्लोमो अल्काबेट्झने रचलेलं. शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळले, ‘ये नवरी’ म्हणत किंचित झुकले. शेजारच्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, “शब्बाथला बोलावतो आम्ही.” शेखिनेचं नाव त्यांच्या बोलण्यात आलं नाही. तरी माझा कल त्या संध्याकाळी पक्का झाला असावा.

खटकण्यासारखं इथेही आहे. झोहरमधली शेखिना बरीचशी घेणारी, स्वतःचा प्रकाश नसलेल्या चंद्रासारखी. रचणारे सगळे पुरुष. ज्यूडिथ प्लास्को यांच्यासारख्या स्त्रीवादी ज्यू विचारवंतांनी या दुय्यमपणावर बोट ठेवलंच आहे. तुम्हाला देवाला आई म्हणून प्रार्थना करायची असेल, तर मी ज्युलियन आणि टिळकच सुचवीन. अभ्यास करायचा असेल तर शेखिना, फक्त सुरुवात झोहरने करू नका. हद्दपारीचे तालमुदातले उतारे आधी घ्या.

मरिया तरीही सुटत नाहीच. आर्थर ग्रीन आणि पेटर शेफर या दोन अभ्यासकांनी मांडलंय की शेखिनेला स्त्रीरूप आलं ते युरोपात मरियेच्या भक्तीला भरती आली होती त्याच काळात, आणि ज्यू त्या शेजारापासून अलिप्त नव्हते.