६० पटीची दुर्बीण आणि समोरचा खडक

गेल्या वर्षी दिवाळीत माझा भाचा पुण्याहून वेंगुर्ल्याला आला, तो डोक्यात एकच विषय घेऊन. "मावशी, जहाज क्षितिजाखाली जातं हे खोटं आहे. झूम केलं की अख्खं जहाज परत दिसतं. मी व्हिडिओ पाहिलेत." बावीस वर्षं मी भूगोल शिकवते. फळ्यावर वाकडी रेघ काढायची, तिच्यावर होडी काढायची आणि आधी डोलकाठी दिसते म्हणून सांगायचं. पण समुद्र घरापासून दहा मिनिटांवर असून मी स्वतः कधी नीट निरखून पाहिलं नव्हतं. हे मनाला लागलं, आणि ही दुर्बीण घेतली.

वस्तू म्हणजे स्पॉटिंग स्कोप. पुढची काच ८० मिलिमीटरची, मोठेपणा २० ते ६० पट, डोळा लावायची नळी तिरकी. मला १६,५०० रुपयांना पडली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या जातीचे स्कोप बाजारात बऱ्याच नावांनी मिळतात आणि गुणदोष साधारण सारखेच असतात.

आधी दोष सांगते. सोबत आलेली छोटी तिपाई निरुपयोगी आहे. २० पटीलाच चित्र थरथरतं, किनाऱ्यावर वारा असला तर विचारूच नका. ओळखीच्या फोटोग्राफरकडून लग्नाच्या शूटिंगचा जुना जड ट्रायपॉड आणला तेव्हा कुठे काम सुरू झालं. ६० पटीला चित्र काळवंडतं आणि पांढऱ्या वस्तूंना जांभळी कड येते. माझं नव्वद टक्के पाहणं ३० ते ४० पटीतच होतं. खारी हवा काचेवर बसते, म्हणून घरी आल्यावर आधी ब्लोअर मारून मगच मऊ कापड लावायचं.

आता मुख्य गोष्ट. सागरेश्वरच्या किनाऱ्यावरून वायव्येकडे वेंगुर्ला रॉक्स दिसतात, दीपगृह असलेला खडकाळ बेटांचा पुंजका. नकाशावर अंतर सुमारे १६ किलोमीटर. दुर्बीण पाण्यापासून पावणेदोन मीटरवर असेल तर पृथ्वीच्या गोलाईमुळे या खडकांचा तळचा आठ ते दहा मीटर भाग झाकला जायला हवा. नेमका आकडा हवेवर ठरतो, कारण हवेतून येताना किरण थोडे खाली वाकतात आणि गोलाईपलीकडचं जरा जास्त दिसतं. जमीन सपाट असेल तर काहीच झाकलं जाऊ नये.

पहिल्या दिवशी मात्र घोळ झाला. डिसेंबरची सकाळ, मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. बेटं पाण्यावर अधांतरी तरंगताना दिसली, खाली आकाशाची पट्टी! कोमट समुद्रावर थंड हवा आली की किरण उलटे वळतात आणि तळाशी आकाशाचं प्रतिबिंब दिसतं. अशा सकाळी मी वहीतून वगळल्या. यात कुणी फसतं, आणि फसवतंही. १८३८ साली इंग्लंडमध्ये पृथ्वी सपाट मानणाऱ्या सॅम्युअल रोबोथमने सहा मैल सरळ जाणाऱ्या ओल्ड बेडफर्ड कालव्यावर डोळा पाण्यापासून जेमतेम ८ इंचांवर ठेवून दूर जाणारी होडी पाहिली आणि पाणी सपाट असल्याचं जाहीर केलं. पाण्यालगतच किरण जास्त वाकतात, ते त्याने धरलंच नाही. १८७० साली निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने पाण्याची गोलाई दाखवून देण्यासाठी तिथेच ५०० पौंडांची पैज घेतली. तो मुळात जमीन मोजणारा. त्याने नजरेची रेघ पाण्यापासून सुमारे १३ फूट वर उचलली, दोन पुलांच्या मधोमध तेवढ्याच उंचीवर खूण लावली, आणि मधली खूण वर उचललेली दिसली. हे वाचल्यापासून मी दुर्बीण वाळूला टेकवून कधी पाहिलं नाही.

स्वच्छ हवेच्या अकरा सकाळी माझ्या वहीत आहेत, प्रत्येकीपुढे भरती-ओहोटीची वेळ लिहिलेली. किनाऱ्यावरून दीपगृह दिसतं, खडकांचे माथे दिसतात, पण पायथ्याला फुटणाऱ्या लाटांचा फेस एकदाही दिसला नाही. २० पट लावा, ६० पट लावा, पाण्याची रेघ खडकाला त्याच जागी कापते. मग तोच स्कोप उचलून बंदराजवळच्या टेकडीवर गेले, अर्ध्या तासाच्या आत. ४० पटीतच खडकाच्या तळाशी पांढरी रेघ हलताना दिसली. फेस! मी एकटीच तिथे मोठ्याने हसले.

भाच्याचे व्हिडिओ खोटे नाहीत, हेही सांगायला हवं. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी होडी स्कोपमध्ये पूर्ण दिसते, हे मी दहादा पाहिलं. ती क्षितिजाच्या अलीकडे असते, फक्त फार बारीक. पण दूर गेलेल्या ट्रॉलरची केबिन आणि काठ्या तेवढ्या दिसतात, बोटीचं अंग नाही, आणि झूम केल्यावर केबिनच मोठी होते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्या एका काकांना दाखवलं तर ते डोळा लावून म्हणाले, "ह्या तर आमका म्हायतच आसा."

कोणाला घ्यायची असेल तर स्कोपइतकेच पैसे ट्रायपॉडसाठी बाजूला ठेवा. मोबाइल लावायची क्लिप वेगळी घ्या, नाहीतर दुसऱ्याला फोटो दाखवता येत नाही. उन्हं चढल्यावर जाऊ नका, हवा नाचायला लागते. पक्षी पाहायला तर उत्तमच, शाळेतल्या मुलांना पाणकावळे याच स्कोपमधून दाखवते.

भाच्याला दोन्ही जागांचे फोटो पाठवले. मे महिन्यात येतो म्हणाला. मेमध्ये समुद्रावर धुरकट असतं, बेटंही नीट दिसत नाहीत. त्याला कळवलंय, डिसेंबरात ये, सकाळी सहाला उठायची तयारी ठेव, आणि टेकडीवर ट्रायपॉड तू उचलायचास.